शिडीबाहेरचा ठिपका

एकलहरे रस्ता, नाशिकरोड
माघ पौर्णिमा, १२ फेब्रुवारी २०२५

चि. गोरक्ष यास,

मंगल असो.

फोनवर तुझ्या सचिव बाई फार नम्रपणे बोलतात आणि तुझ्यापर्यंत काही पोहोचू देत नाहीत, म्हणून हे टपालाने लिहीत आहे. तू आता मोठा मेंदूशास्त्रज्ञ आहेस. दूरचित्रवाणीवर तुझ्या बाजूने आणि तुझ्याविरुद्ध माणसे घसा फोडून भांडतात. पण माझ्या डोळ्यांपुढे अजून तू नववीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर, 'नदी' शब्दाची रूपे म्हणत उभा असतोस. सप्तमीपाशी अडखळायचास.

दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात तू आमच्या विहारात आलास. माझ्या पायांना हात लावलास आणि सगळ्यांसमक्ष म्हणालास, "दोंदे सरांनी मला संस्कृत शिकवलं नसतं तर मी कुठल्याच विद्येकडे वळलो नसतो." त्या एका वाक्यावर आमची माणसे तुझ्या अभ्यासासाठी तयार झाली. गाडीत बसून गंगापूर रोडला गेली आणि त्या पांढऱ्या बोगद्यासारख्या यंत्रात डोके घालून निश्चल पडून राहिली. विमलाबाईंनी लग्नापासून हातात असलेल्या पाटल्या साबण लावून उतरवल्या. यंत्राच्या आवाजाने लंकाबाई घाबरल्या, पण "सरांनी सांगितलंय" म्हणून हलल्या नाहीत.

मी त्यांना काय सांगितले होते ते तुला ठाऊक असावे. भगवंतांनी वाद घालणाऱ्या दोन तरुणांना समजावले होते की गवतात, किड्यांत, पाखरांत जन्माने वेगळेपण दिसते. माणसाच्या केसांत, कानांत, मस्तकात तसली खूण कोठेही नाही. मी म्हणालो, "अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते वचन आता यंत्रही म्हणेल. चला."

गेल्या रविवारी वर्तमानपत्रात तुझ्या अभ्यासाची बातमी आली. शेजारीशेजारी दोन मेंदू छापले आहेत. एकाखाली लिहिले आहे 'वरच्या पायरीवरील', दुसऱ्याखाली 'खालच्या पायरीवरील. नाशिकजवळची एक वसाहत'. खालच्या पायरीवरच्या मेंदूतील एक भाग लाल दाखवला आहे आणि तो आकसलेला आहे, असे म्हटले आहे. विमलाबाईंची नात अंजली यंदा दहावीला आहे. तिने ती बातमी विहारात मोठ्याने वाचून दाखवली आणि मला विचारले, "आजोबा, यातलं डोकं कुणाचं? आजीचं की तुमचं?"

याचे उत्तर तू दे.

तुझा,
कोंडाजी दोंदे

*

बेंगळुरू
२७ फेब्रुवारी २०२५

पूज्य सर,

सादर प्रणाम.

पाकिटावरचे अक्षर पाहूनच उठून उभा राहिलो. कित्येक वर्षांनी हाताने पत्र लिहीत आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकल्यास कान धरावा. तो अधिकार आपलाच.

ते चित्र त्या वर्तमानपत्राने परस्पर जुळवले. त्यातले डोके कुणाचेच नाही, अनेक डोक्यांची सरासरी काढून केलेली ती आकृती आहे. अंजलीला तसे सांगावे. आणि माझे म्हणणे लोकांनी पुरते उलटे केले आहे. 'मेंदू लहान म्हणून माणूस खाली' असे मी एका ओळीतही लिहिलेले नाही. मी लिहिले ते असे: ज्याला पिढ्यानपिढ्या खाली बसवले, त्याच्या मेंदूवर त्या बसवण्याचा ठसा उमटतो. कपाळाच्या मागे, दोन्ही अर्धांच्या मध्ये एक घडी असते. अपमान, भीती, मान यांचा हिशेब ती ठेवते. हमालाच्या खांद्याला घट्टा पडतो तसे तिचे होते. घट्टा हा हमालाचा दोष आहे का? माझा आरोप समाजावर आहे, सर. मी आपल्या लोकांच्या बाजूने बोलतो आहे आणि दोन्हीकडून दगड खातो आहे.

आता एक गोष्ट लिहावी की नाही, असे करत होतो. पण आपल्यापाशी काय लपवायचे? विहारात माझ्या सहायिकेने, मोहिनीने, सर्वांना दहा पायऱ्यांच्या शिडीचे चित्र दाखवले होते आणि समाजात आपण स्वतःला कोणत्या पायरीवर समजता तिथे खूण करायला सांगितले होते. पेठच्या डोंगरातल्या पाड्यांवरही एवढे एकसारखे उत्तर मिळाले नाही. आपल्या विहारात जवळजवळ प्रत्येकाने सर्वांत खालची पायरी निवडली. आपणही. सर, तो आकडा पाहिल्यावर माझ्याने पुढे वाचवेना. ज्यांच्यापुढे उभे राहताना अख्खी शाळा सदऱ्याची बटणे लावायची, त्या माणसाने स्वतःला तळाशी ठेवावे! मला वाटले, हा देश आपल्या विद्वानांच्याही डोक्यात किती खोल शिरला आहे. माझ्या व्याख्यानांत मी नाव न घेता हा प्रसंग सांगतो. लोक स्तब्ध होतात.

आपली प्रकृती सांभाळावी.

आपला विद्यार्थी,
गोरक्ष मौले

*

एकलहरे रस्ता, नाशिकरोड
फाल्गुन पौर्णिमा, १४ मार्च २०२५

चि. गोरक्ष,

मंगल असो.

पत्र मिळाले. ऱ्हस्वदीर्घ बहुतेक ठीक आहेत. ज्या प्रसंगाने तुझे श्रोते स्तब्ध होतात तो प्रसंग मात्र घडलेलाच नाही. आम्ही कोणी खालच्या पायरीवर खूण केलेली नाही. आम्ही शिडीवरच नव्हतो.

घडले ते जसेच्या तसे सांगतो. मोहिनीताईंना एकेकाला बाजूला घेऊन विचारायचे होते. पण विहारात पंखा एकच आणि तो मध्यभागी. सगळे त्याखाली सतरंजीवर बसलेले, ताईही तिथेच बसल्या. त्यांनी पहिला कागद विमलाबाईंपुढे धरला.

"अगं बाई, शिडी कशाला? आंबे उतरवायचेत का?"

"नाही आजी. वरती ज्यांना पैसा, शिक्षण, मान जास्त, ते. खाली ज्यांना सगळ्यात कमी, ते. तुम्ही कुठे?"

"मी इथं, सतरंजीवर."

"या चित्रात सांगा ना."

"चित्रात चढले तर वरच्याचे पाय कुठं येतील? माझ्या डोक्यावर. अन् माझे पाय खालच्याच्या डोक्यावर. मला नाय चढायचं पोरी, या वयात."

औष्णिक वीजकेंद्रातून निवृत्त झालेले यादव शेजारी बसले होते. ते म्हणाले, "विमलाबाई, तुम्ही खुशाल नवव्या पायरीवर जा. खाली शिडी धरायला मी हाय."

"तू धरल्यावर तर पडणारच मी!"

सगळे हसले, मोहिनीताईसुद्धा. मग त्यांनी कागद माझ्यापुढे केला. मी पेन्सिल घेतली आणि शिडीच्या डाव्या बाजूला, कोऱ्या जागेत, शिडीचे पाय टेकले होते त्या रेषेवर ठिपका दिला. म्हणालो, "ताई, दीक्षा घेताना आम्ही सर्व माणसांना समान मानण्याचे कबूल केले आहे. मी त्या वेळी बारा वर्षांचा होतो, वडिलांचे बोट धरून उभा होतो. या शिडीवर मला वरही बसता येत नाही आणि खालीही बसता येत नाही. मी शेजारी, जमिनीवर उभा आहे." माझ्यानंतर विमलाबाईंनी तसाच ठिपका दिला, मग यादवांनी, मग लंकाबाईंनी. माझ्या ठिपक्याशेजारी प्रत्येकाचा ठिपका. कोणाला मी सांगितले नव्हते. पण आमच्याकडे वंदनेला मी पुढे बसतो आणि मी करतो तसे मागचे करतात, ही सवयच आहे.

ताई म्हणाल्या, "सर, पण मला आकडा लागतो हो."

मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

त्या मुलीला अडचणीत टाकू नये म्हणून मी तसे बोललो. आता त्या वाक्याची मला भीती वाटते. तिने योग्य वाटले ते केले असणार, आणि आमचा शेजारचा ठिपका तुमच्याकडे तळाचा झाला असणार.

तुझा घट्ट्याचा दृष्टांत माझ्या मनात घर करून राहिला आहे. माझी आई पाणवठ्यावर भांडे घेऊन दूर उभी राहायची, कोणी वरून ओतील तर घ्यायची. त्याचा ठसा तिच्या आत कोठेच उमटला नसेल, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझ्या आतही असेल. मी तुझ्या शास्त्राशी भांडत नाही, तेवढी माझी विद्या नाही. पण ज्या प्रश्नाला आम्ही 'नाही' म्हटले, त्याला तू 'होय' लिहून घेतले आहेस. तेवढे दुरुस्त कर. आम्हाला त्या तळाच्या गटातून काढ. उत्तर दिले नाही, असे लिही. ते खरे आहे.

तुझा,
कोंडाजी दोंदे

*

बेंगळुरू
८ एप्रिल २०२५

आदरणीय दोंदे सर,

स. न.

हे पत्र टंकलिखित पाठवीत आहे, क्षमा असावी. सध्या एका चौकशी समितीपुढे रोज बसावे लागते. माझ्यावर 'मेंदूत जात शोधणारा' असा शिक्का मारण्यात आला आहे आणि त्याच वेळी दुसरा एक गट मला थोर ठरवून सत्कार करू पाहत आहे. दोघांनीही माझा निबंध वाचलेला नाही.

आपल्या पत्रातील मुद्दा तपासून घेतला. मोहिनी आता जर्मनीत आहे, तिच्याशी बोललो. आपण म्हणता ते खरे आहे. शिडीच्या बाहेर केलेली खूण पहिल्या पायरीची धरावी असा आमचा नियम अभ्यास सुरू होण्यापूर्वीच ठरलेला होता, कारण ज्यांना प्रश्न समजत नाही ते बहुधा तिकडेच खूण करतात. 'न समजणे' हे शब्द अर्थातच आपल्याला उद्देशून नाहीत.

दुर्दैवाने आता त्यात बदल करता येत नाही. सहभागी व्यक्तींच्या संरक्षणासाठी नावे आणि क्रमांक यांचा दुवा आम्ही कायमचा तोडतो. कोणती मोजमापे आपल्या विहाराची आणि कोणती इतर वस्त्यांची, हे आज मलाही सांगता येणार नाही. शिवाय त्या गटाचा आकार पाहता तो वगळल्यास निष्कर्ष शिथिल होतो. मात्र मोजमापे स्वतः खरी आहेत. शिडीवरच्या खुणेने ती बदलत नाहीत.

एक वैयक्तिक गोष्ट. आपली प्रतिमा त्या दिवशी मी स्वतः पडद्यावर पाहिली होती. स्मरणाशी निगडित भाग त्या वयात मी कधी पाहिला नाही इतका सशक्त आहे. आयुष्यभराच्या पाठांतराचे ते फळ. सर, आपण अपवाद आहात. हे मी कोणत्याही व्यासपीठावर सांगेन.

आपला,
डॉ. गोरक्ष मौले

*

एकलहरे रस्ता, नाशिकरोड
वैशाख पौर्णिमा, १२ मे २०२५

चि. गोरक्ष,

मंगल असो.

आज भगवंतांची जयंती. विहारात खीर वाटली, निळ्या कापडाच्या पताका लावल्या. हे पत्र आज लिहू नये असे वाटत होते, पण वेळ उरलेला नाही.

तुम्ही आमची नावे आमच्या रक्षणासाठी तोडलीत. आता त्या तळाच्या गटात आम्ही आहोत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि आम्हाला बाहेर काढायचे म्हटले तर आम्ही कोण ते कोणालाच ठाऊक नाही. शिष्याकडून काही शिकण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. पण एवढे शिक्षण मला पेलत नाही. त्यातही माझे एकट्याचे मस्तक तुला ओळखता आले, याचा आनंद मी कसा मानू?

हे सगळे कागदावर राहिले असते तर मी गप्प बसलो असतो. आता ते अंजलीपर्यंत आले आहे.

गंगापूर रोडवर एक शिक्षणसंस्था आहे. अकरावी-बारावी विज्ञानासाठी निवडक मुलांना ती विनामूल्य ठेवून घेते. अंजलीने तिची प्रवेशपरीक्षा दिली. तिचे वडील धम्मपाल औष्णिक केंद्रात कंत्राटावर आहेत. दुसरीकडे शिकवणी लावणे त्यांना शक्य नाही. अंजली परीक्षेत पहिल्या दहांत आली. निवड झाली, आणि पत्रात लिहिले आहे की तिला 'संवर्धन वर्गात' घेतले जाईल. त्या वर्गात एक वर्ष गणित नाही, भौतिकशास्त्र नाही. एकाग्रतेचे खेळ, स्मरणाचे खेळ, श्वासाचे व्यायाम आहेत. वर्ष संपल्यावर पाहू, असे म्हणतात. आमच्या वसाहतीतून निवडलेली पाचही मुले त्याच वर्गात आहेत. लंकाबाईंचा लखनही.

मी धम्मपालला घेऊन संस्थेच्या संचालिका आशाताईंना भेटलो. बाई वाईट नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि तुझा निबंध पुढे ठेवला.

"सर, हा तर तुमच्याच विद्यार्थ्याचा अभ्यास. अशा वस्त्यांतल्या मुलांवर आधीच किती ताण असतो, हे आम्हाला यातूनच कळलं. त्यांना एकदम गणिताच्या रेट्यात टाकणं क्रूरपणा होईल. आम्ही मदतच करतोय."

"मुलगी पहिल्या दहांत आली आहे, बाई."

"तेच तर! एवढ्या ताणातून आली. आता थोडं सावरू द्या तिला."

धम्मपाल म्हणाले, "मॅडम, तिला ताण गणिताचा नाय येत. गणित नसल्याचा येतो."

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "वडिलांना असं वाटणारच." मग पुढे म्हणाल्या, "डॉ. मौल्यांनीच काही वेगळं कळवलं तर आम्ही जरूर विचार करू. आम्ही शास्त्र मानणारी माणसं आहोत."

बाहेर आल्यावर धम्मपाल मला म्हणाले, "सर, राग मानू नका. पण आपण त्या मशीनमध्ये गेलोच नसतो तर?"

ते एवढेच बोलले आणि माझ्यासाठी रिक्षा पाहायला गेले.

गोरक्ष, तू या संस्थेला एक पत्र लिही. लांब नको. एवढेच लिही की नाशिकजवळच्या त्या वसाहतीने शिडीवर खूण केली नव्हती, त्यांचे उत्तर तळाचे म्हणून धरले गेले, म्हणून या मुलांविषयी त्यावरून काही ठरवू नये. पाचही मुलांविषयी. तुझ्याकडे आजवर मी काही मागितलेले नाही.

तुझा,
कोंडाजी दोंदे

*

बेंगळुरू
२७ मे २०२५

आदरणीय सर,

स. न.

आपले पत्र दोनदा वाचले. त्या संस्थेने माझ्या निबंधाचा जो अर्थ लावला तो माझ्या स्वप्नातही नव्हता. पण ते अर्थ लावतात तिथे मी नसतो. दर आठवड्याला कोणीतरी काहीतरी ठरवते आणि खाली माझे नाव लिहिते.

आपण मागता ते पत्र मी लिहू शकत नाही. चौकशी सुरू असताना 'उत्तर चुकीचे धरले गेले' एवढे एक वाक्य माझ्या सहीने बाहेर पडले तर संपूर्ण अभ्यास रद्द होईल, माझ्याकडे काम करणारी मुले रस्त्यावर येतील, आणि अपमानाने मेंदूवर ठसा उमटतो हे पुन्हा कोणी बोलू शकणार नाही. त्यात आपल्या लोकांचेच नुकसान अधिक आहे. हे आपल्याला पटणार नाही, पण माझ्या जागी उभे राहून पाहावे.

मात्र अंजलीसाठी मी मार्ग काढला आहे. आशाताईंशी फोनवर बोललो. त्यांच्या नियमात अपवादाची तरतूद आहे. मी शिफारस देईन. शिफारशीसोबत स्थानिक ज्येष्ठ शिक्षकाचे प्रमाणपत्र लागते, आणि आपल्याहून योग्य कोण? मजकूर त्यांच्या नमुन्याप्रमाणेच हवा, म्हणून येथे उतरवून देतो: 'सदर विद्यार्थिनीची बौद्धिक क्षमता तिच्या वसाहतीतील अन्य मुलांपेक्षा स्वभावतः भिन्न व उच्च असल्याचे मी व्यक्तिगत अनुभवावरून प्रमाणित करतो.' ७ जूनपूर्वी पाठवावे.

अपवाद एकाच विद्यार्थ्यासाठी आहे. अधिक नावे दिली तर, असे त्या म्हणाल्या, मग तो अपवाद कसला?

सर, एक मुलगी तरी वाचेल.

आपला,
गोरक्ष

*

एकलहरे रस्ता, नाशिकरोड
२ जून २०२५

मा. डॉ. गोरक्ष मौले यांस,

सविनय नमस्कार.

आपण सुचविलेले प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मजकूर आपण दिला तसाच आहे, एकही शब्द बदललेला नाही. आपली शिफारस कृपया वेळेत पाठवावी, ही विनंती.

माझा विचार न लिहिण्याचा होता. आपले पत्र मी विमलाबाईंच्या घरी वाचून दाखवले आणि म्हणालो की हे वाक्य असत्य आहे. अंजली हुशार आहे, पण लखनला मी दोन वर्षे शिकवले आहे, तोही तसाच हुशार आहे, आणि 'स्वभावतः' हा शब्द तर मी ज्याच्या विरोधात आयुष्यभर बोललो त्याचेच दुसरे नाव आहे. असे लिहिणे म्हणजे आपणच शिडी उभी करून एका मुलीला तिच्यावर चढवणे आणि चौघांची डोकी तिच्या पायांखाली देणे.

अंजलीचा दहावीचा निकाल लागला आहे. गणितात ती शाळेत पहिली आली. ती भाकरी खात होती. ताट बाजूला सारून म्हणाली, "आजोबा, तुम्ही लिहिलं नाही तर लखनला गणित मिळणार का?"

"नाही."

"मग तुम्ही न लिहिण्यानं कुणाचं काय चांगलं होणार?"

मी म्हणालो, "बाळ, माझ्या तोंडून खोटे जाणार नाही, एवढेच."

ती म्हणाली, "म्हणजे तुमचं तेवढं चांगलं होणार."

धम्मपाल तिच्यावर ओरडले. "सरांशी असं बोलतात?" मी त्यांना थांबवले. पोर उद्धट बोलली नव्हती. तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्याकडून उत्तराची वाट पाहत होती, शाळेत पाहायची तशी. मी भगवंतांच्या वचनांची इतकी सुत्ते पाठ केली, अर्थ लावले, लोकांना समजावले. त्यातले कुठलेच त्या क्षणी पुढे आले नाही. खोटे बोलू नये, हे आले. करुणा असावी, हेही आले. दोन्ही माझ्यापुढे येऊन बसली आणि एकमेकांकडे पाहीनात. आपण माझ्या स्मरणशक्तीचे कौतुक केले होते, म्हणून हे कळवतो.

काल रविवारी दुपारी मी ते वाक्य स्वच्छ अक्षरात उतरवले आणि खाली सही केली. अंजलीने ते वाचले, माझ्या पायांवर डोके ठेवले आणि पळत घरी गेली. तिला आनंद झाला. तो खरा आनंद होता, आणि तो मी दिला, एवढे मी स्वतःशी पुष्कळदा म्हणून पाहिले आहे. बाकीच्या चार मुलांच्या आईबापांना प्रमाणपत्रात काय लिहिले आहे ते ठाऊक नाही. "अंजलीचं काम सरांनी केलं" एवढेच वसाहतीत पसरले आहे आणि लोक माझ्याकडे कृतज्ञतेने पाहत आहेत.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे वंदना होती. आमच्याकडे पंचशील घेताना पुढे बसलेला एक एक शील उच्चारतो आणि मागचे सर्व त्याच्या पाठोपाठ म्हणतात. हत्या न करण्याचे झाले, चोरी न करण्याचे झाले, तिसरे झाले. चौथे असत्य न बोलण्याचे. तिथे माझा आवाज थांबला. विसरलो नव्हतो, शब्द ओठांवर होते. मागे सगळे थांबले. माझ्या तोंडून येईल ते जसेच्या तसे म्हणायला तयार होऊन ते हात जोडून बसलेले होते, आणि त्यांत त्या चौघांचे आईबाप होते. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तसेच झाले.

मग लखनची आई, लंकाबाई, मागून हळूच म्हणाल्या, "सर, घसा सुकला का? पाणी देऊ?"

मला तहान लागलेली नव्हती. मी 'हो' म्हणालो.

आपला कृपाभिलाषी,
कोंडाजी दोंदे